आटोपशीर आणि कोंदट : छोट्या कॅबिनेटमधलं मोठं ग्राफिक्स कार्ड



आज मी एका डब्याबद्दल बोलणार आहे. कॉम्प्युटरच्या डब्याबद्दल. आपल्या ऑफिसांमध्ये त्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात, दुकानात ‘कॅबिनेट’ म्हणतात. मी कॅबिनेटच म्हणेन. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसानं या भानगडीत का पडावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. कारण साधं आहे. ज्या वस्तूसाठी माणसं महिने महिने विचार करतात, जिच्यावरून हमरीतुमरीवर येतात, जिला ‘सुंदर’ किंवा ‘भिकार’ म्हणतात, तिची समीक्षा होऊ शकते. आणि जिथे लाखांत पैसे जातात आणि रचना चुकली तर घरात आग लागू शकते, तिथे तर ती व्हायलाच हवी.

आधी थोडी ओळख करून देतो. साधं टॉवर कॅबिनेट चाळीस-पन्नास लिटरचं असतं. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणलं. त्यातला पूर्ण आकाराचा मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. पुढे २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीनं मिनी-आयटीएक्स आणलं. १७० बाय १७० मिलिमीटर. वीतभरसुद्धा नाही. हा बोर्ड मुळात कमी विजेच्या, साध्या कामांच्या यंत्रांसाठी होता. हौशी मंडळींनी त्याचं भलतंच लग्न लावलं. त्याच्या एकुलत्या एका स्लॉटमध्ये बाजारातलं सगळ्यात ताकदवान ग्राफिक्स कार्ड बसवायचं, आणि हा संसार वीस लिटरच्या आत, जमलं तर दहा लिटरच्या आत थाटायचा. हा आता जगभर पसरलेला छंद आहे. आपल्याकडेही लॅमिंग्टन रोडला जाऊन मिलिमीटरच्या हिशेबानं सुटे भाग निवडणारी तरुण मुलं आहेत.

आता मुद्द्याकडे येतो. मराठीत दोन शब्द आहेत : आटोपशीर आणि कोंदट. दोन्ही लहान जागेबद्दलच वापरतो आपण. चाळीतली दहा बाय बाराची एक खोली आटोपशीर असते आणि तेवढीच शेजारची खोली कोंदट असते. टेप लावून मोजलं तर दोन्ही सारख्याच. फरक पडतो तो खिडकी कुठे आहे, समोरासमोर वारा खेळतो का, कपाट कुठल्या भिंतीला लावलंय, यानं. माझं म्हणणं असं, की छोट्या कॅबिनेटच्या या जगानं लिटर हे एकच माप डोक्यावर घेतलंय, आणि लिटरला आटोपशीर आणि कोंदट यांतला फरक कळत नाही. त्यामुळे चांगली रचना आणि नुसती दाबून भरलेली रचना एकाच यादीत, एकाच आकड्याखाली बसतात.

लिटर हे माप तसं पूर्ण प्रामाणिकही नाही बरं का. मोजताना कॅबिनेटचे पाय बहुधा धरत नाहीत. काही अगदी छोट्या यंत्रांत वीजपुरवठ्याचा ठोकळा बाहेर टेबलाखाली लोंबत असतो, तोही मोजत नाहीत. म्हणजे लिटर वाचवला असं म्हणायचं, पण तो फक्त उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलेला असतो.

आता इतिहास बघा, कारण त्यात या विषयाचं नाट्य आहे. दोन गोष्टी विरुद्ध दिशांना धावल्या. एकीकडे कॅबिनेट लहान होत गेली. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून आलेलं एनकेस एम१ साडेबारा लिटरच्या आसपास होतं. २०१६ मध्ये तशाच लोकवर्गणीतून डॅन ए४ आलं, ते ७.२ लिटरचं. दुसरीकडे कार्डांची भूक वाढत गेली. एनव्हिडियाचं २०१६ चं जीटीएक्स १०८० हे कार्ड १८० वॅट घेत असे. २०२० चं आरटीएक्स ३०८० घेई ३२०. २०२२ चं ४०९० आलं ४५० वॅटचं. २०२५ चं ५०९० तर ५७५ वॅटचं. नऊ वर्षांत तिपटीहून जास्त. आणि यातला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो.

मग एक हिशेब करून बघू. सोपा आहे, घाबरू नका. एक लिटर हवा एका अंशानं तापवायला साधारण १.२ ज्यूल लागतात. समजा, कॅबिनेटमध्ये शिरलेली हवा बाहेर पडताना १५ अंशांनी तापलेली असली तर आपल्याला चालेल. म्हणजे एक लिटर हवा १८ ज्यूल घेऊन जाते. ४५० वॅटचं कार्ड, शंभर वॅटचा प्रोसेसर, मिळून ५५०. वॅट म्हणजे सेकंदाला ज्यूल. ५५० ला १८ नं भागा. सेकंदाला सुमारे ३० लिटर हवा! दहा लिटरचं कॅबिनेट असेल तर त्याच्या सगळ्या आकारमानाएवढी हवा सेकंदाला तीनदा बदलली पाहिजे. बरं, ते कॅबिनेट रिकामं नाही, आत सामान खच्चून भरलंय. म्हणून प्रत्यक्षात हवेला आणखी घाई करावी लागते. ५०९० घातलं तर हाच आकडा ३७ लिटरच्या पुढे जातो.

कॅबिनेटमधली रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असं समजणं ही या छंदातली मूळ गफलत आहे. रिकामी जागा हा सुद्धा एक भागच आहे, जसा पंखा एक भाग आहे. गरम पोळ्या डब्यात ठासून भरून घट्ट झाकण लावलं की काय होतं, हे आपल्या घरात कुणालाही विचारा. वाफ धरते आणि पोळ्या ओल्या होतात.

वैशेषिक दर्शनात आकाशाचा विशेष गुण कोणता सांगितलाय? शब्द. ध्वनी. या कॅबिनेटांमध्ये उलटं घडतं : आकाश काढून घेतलं की शब्द वाढतो. (हशा) गमतीचा भाग सोडा, पण त्यामागे यंत्रशास्त्र आहे. जागा कमी म्हणून पंखा लहान, पंखा लहान म्हणून वेग जास्त. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा साधारण दुप्पट मिळते, पण त्याला लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज पंधरा डेसिबलच्या आसपास वाढतो. म्हणजे वाचवलेल्या लिटरची किंमत कान भरतो, आणि तोही रोज भरतो.

आता काही रचना एकेक करून पाहू.

डॅन ए४ मला प्रामाणिक वाटतं. त्यानं लोकप्रिय केलेली रचना ‘सँडविच’ म्हणून ओळखली जाते. मध्ये एक भिंत, भिंतीच्या एका अंगाला मदरबोर्ड, दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड, पाठीला पाठ लावून. दोघांना जोडायला रायझर केबल नावाची पट्टी. यात कार्डाचे पंखे थेट बाहेरच्या जाळीला तोंड करून असतात, त्यामुळे कार्डाला ताजी हवा मिळते. टॉवरमध्ये कार्ड बहुतेक वेळा आतलीच हवा ओढत बसतं, त्यापेक्षा हे शहाणपणाचं. त्याची किंमतही ते लपवत नाही : प्रोसेसरच्या कूलरला फक्त ४८ मिलिमीटर उंची, कार्डाची लांबी २९५ मिलिमीटरपर्यंत, जाडी दोन स्लॉट. ३०४ मिलिमीटर लांब, ६१ मिलिमीटर जाड ४०९० तिथे जातच नाही. ‘माझ्याकडे एवढंच आहे’ असं सांगणारी वस्तू मला आवडते. रायझरचा त्रास मात्र आहे. पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी आली तेव्हा तिसऱ्या पिढीच्या केबलवर नवी कार्डं नीट चालेनात, काही वेळा पडदा काळाच राहायचा. बायोसमध्ये जाऊन वेग खाली आणावा लागायचा. लवचीक सांधा ठेवला की तो सांधा जपावा लागतो.

२०२३ मध्ये स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइननं टेरा आणलं. १०.४ लिटर, पुढे अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, दिवाणखान्यात शोभेल असं. लाकडाचं कौतुक पुष्कळ झालं. माझ्या दृष्टीनं खरं कौतुक आतल्या भिंतीचं आहे. ही मधली भिंत सरकवता येते. कार्डाला ४३ मिलिमीटर दिले तर कूलरला ७७ मिळतात. कार्डाला ७२ दिले तर कूलरला ४८ उरतात. दोन्हींची बेरीज करा. १२०. भिंत कुठेही न्या, बेरीज १२० च. एखाद्या वस्तूनं नीतिशास्त्राचा धडा द्यावा तो असा! एकाला दिलेलं दुसऱ्याकडून येतं, आणि वाटणी कशी करायची हे वापरणाऱ्यानं ठरवायचं. रचनाकारानं तडजोड लपवली नाही, तिला हाताचा स्पर्श होऊ दिला. माझं एक गाऱ्हाणं आहे. लाकडी पट्टीमुळे ही वस्तू शोभेची म्हणून विकली जाते, आणि शोभेची वस्तू माणूस भिंतीला चिकटवून, पुस्तकांमध्ये खोचून ठेवतो. जाळ्या बाजूंना आहेत. पुस्तकांमध्ये खोचली की आटोपशीर वस्तू पाच मिनिटांत कोंदट.

याच्या उलट टोकाला एनझेडएक्सटीचं एच१. हे २०२० चं, साडेतेरा लिटरच्या आसपास. त्यात एसएमपीएस, पाण्याचा कूलर, रायझर सगळं कंपनीनंच बसवून दिलेलं. तुम्ही डोकं चालवायची गरज नाही, हे त्याचं वचन. त्याच्या रायझरला कॅबिनेटशी जोडणाऱ्या दोन स्क्रूंमुळे आतल्या सर्किटमध्ये शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका निघाला. कंपनीनं आधी नायलॉनचे स्क्रू देऊ केले. पण दोष स्क्रूचा नव्हता, स्क्रूच्या भोकाजवळून वीज वाहून नेणाऱ्या आखणीचा होता. टीका झाल्यावर रायझरच नव्यानं करावा लागला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे ३२ हजार नग परत बोलावण्याची घोषणा झाली. दाटीवाटीच्या रचनेत मिलिमीटरची चूकही दुसऱ्या कुठल्या तरी भागाच्या अंगावर जाते. ऐसपैस जागेत तीच चूक खपून गेली असती.

आणि मग ॲपलचा २०१३ चा मॅक प्रो. सुमारे २५ सेंटिमीटर उंच, १७ सेंटिमीटर व्यासाचा काळा चकचकीत नळकांडा, साडेपाच लिटरच्या आसपास. आत मधोमध धातूचा एक त्रिकोणी खांब; त्याच्या तीन बाजूंना एक प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स कार्डं; वर एकच पंखा. रचना म्हणून मला आजही ती अप्रतिम वाटते. आवाज जवळजवळ नाही. कोंदट तर मुळीच नाही. मग बिघडलं कुठे? त्या खांबानं गृहीत धरलं होतं, की तिन्ही बाजूंची उष्णता साधारण सारखी राहील. जग गेलं एका मोठ्या, तापट कार्डाच्या दिशेनं. त्रिकोणाच्या एका बाजूला तेवढी उष्णता पेलेना. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी पत्रकारांसमोर हे मान्य केलं, आणि २०१९ चा मॅक प्रो पुन्हा स्लॉट असलेला टॉवर होता. आजच्या सामानासाठी अगदी मापात शिवलेली वस्तू उद्याच्या सामानाला नकार देते. मुलांचे कपडे शिवताना आपल्याकडे आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचे, ते उगाच नाही.

कार्ड बनवणाऱ्यांकडेही बघायला हवं. सगळा दोष डब्यांचा नाही. एनव्हिडियानं जून २०२४ मध्ये छोट्या कॅबिनेटसाठी योग्य कार्डांची मापं जाहीर केली : लांबी ३०४, उंची १५१, जाडी ५० मिलिमीटरपर्यंत. यातली उंची मोजताना विजेच्या केबलचं वळण धरलेलं आहे. ही बाब लहान दिसते, पण मोलाची आहे. २०२२ च्या अखेरीस ४०९० च्या वीजजोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि तेव्हा कंपनीचं स्पष्टीकरण असं होतं की प्लग पूर्ण आत बसलेला नव्हता. आता अरुंद कॅबिनेटमध्ये साइड पॅनेल लावताना केबल दाबली जाते, वाकते, प्लगवर ताण येतो. तिथे केबलचं वळण हिशेबात धरणं म्हणजे माणूस दारातून जाताना त्याच्या डोक्यावरची पाटीही धरणं.

पण ५०९० चं कंपनीचं स्वतःचं मॉडेल बघा. ४०९० पेक्षा सव्वाशे वॅट जास्त, आणि जाडी तीन स्लॉटवरून दोनवर. कमाल आहे! कसं जमवलं? दोन्ही पंख्यांची हवा कार्डातून आरपार जाते आणि पाठीकडून बाहेर पडते. टॉवरमध्ये उत्तम. पण सँडविच रचनेत कार्डाच्या पाठीला काय असतं? मधली भिंत, आणि पलीकडे मदरबोर्ड. गरम हवा तिथे आपटते आणि वाट शोधत फिरते. कार्ड आटोपशीर झालं, पण त्याचं ओझं त्यानं कॅबिनेटच्या गळ्यात टाकलं.

जाहिरातीत लिहिलेलं असतं : ‘अमुक मिलिमीटरपर्यंतचं कार्ड बसतं.’ बसतं, खरं आहे. पण नांदतं का? बसणं आणि नांदणं यांत जो फरक आहे तो मिलिमीटरच्या तक्त्यात येत नाही.

नांदवण्याचा एक उपाय या मंडळींनी शोधलाय आणि तो मला मनापासून आवडतो. ते एवढं मोठं कार्ड आणतात आणि त्याची वीज मुद्दाम कमी करतात. ४५० वॅटचं कार्ड ३०० च्या आसपास रोखलं तर त्याची कामगिरी एक-तृतीयांशानं घसरत नाही, घट त्याहून बरीच कमी असते. कारण चिपचा शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच वाढवावं लागतं, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वीज खर्च होते. मोठी चिप सावकाश चालवणं हे लहान चिप पळवण्यापेक्षा काटकसरीचं ठरतं. बाहेरचा माणूस म्हणेल, मग एवढं महाग घेतलं कशाला? मी त्याला वेडेपणा म्हणणार नाही. ताकद असून ती रोखणं याला आपल्याकडे संयम म्हणतात. फक्त एक अट आहे. ज्या कॅबिनेटला या संयमाची गरज आहे, त्यानं ते खोक्यावर लिहावं. ग्राहकाच्या गुपचूप संयमावर स्वतःच्या रचनेचं यश उभं करू नये.

आपल्या हवेबद्दलही बोललं पाहिजे. कॅबिनेटची परीक्षणं बहुतेक वेळा वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. अकोल्याला, नागपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एसी नसलेली खोली ३५ च्या वरच असते. खोली जितकी तापते, तितकीच आतली प्रत्येक वस्तू साधारण तापते. पंखा काही हवा गार करत नाही, तो फक्त ती हलवतो. तिकडे जेमतेम जमलेलं गणित इथे मोडतं. आणि कॅबिनेट सात लिटरचं असो की पन्नासचं, ५५० वॅट शेवटी तुमच्याच खोलीत येणार. उष्णता लपवायला अजून कुणी माळा शोधलेला नाही.

माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हे सगळं ठीक, पण ज्याच्या घरात जागाच नाही त्यानं काय करायचं? मुंबईत तिघांत एक खोली घेऊन राहणारा मुलगा, दर वर्षी हॉस्टेल बदलणारी मुलगी, कामासाठी देश बदलणारी माणसं. त्यांच्यासाठी दहा लिटर ही चैन नाही, गरज आहे. मान्य. म्हणूनच मी लहानपणाविरुद्ध बोलत नाहीये. ज्याला लहान वस्तूची खरी गरज आहे, त्यालाच कोंदट वस्तू सगळ्यात महागात पडते. ज्याच्याकडे दुसरी खोली आहे तो आवाज करणारं यंत्र तिकडे नेऊन ठेवेल. या मुलाचं यंत्र आणि याची उशी यांत चार फुटांचं अंतर आहे.

तेव्हा समीक्षकानं लिटर विचारावा, जरूर विचारावा, पण तो शेवटी विचारावा. आधी विचारावं : हवा कुठून येते, कुठून जाते, आणि वाटेत कुणाच्या अंगावर जाते? तडजोड कुणी केली, रचनाकारानं की वापरणाऱ्यानं, आणि ती त्याला आधी सांगितली होती का? दोन वर्षांनी भाग बदलायचा झाला तर हात आत जातो का? यांची उत्तरं बरी आली तर सात लिटर हे कौशल्य आहे. नाही आली तर ती नुसती छायाचित्रासाठी दिलेली पोझ आहे, कारण फोटोत आवाज येत नाही आणि फोटो तापत नाही.

आपल्या भाषेत ‘अवकाश’ म्हणजे जागा, आणि ‘अवकाश’ म्हणजे सवडही. चांगल्या छोट्या कॅबिनेटमध्ये दोन्ही असतात. हवेला जायला जागा असते, आणि पंख्याला सावकाश फिरायला सवड असते.

इथे थांबतो. एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, पाण्याचा कूलर लावला तर हा सगळा प्रश्नच मिटत नाही का?)

नाही, मिटत नाही, पण प्रश्न चांगला आहे. पाणी उष्णता उचलून दुसरीकडे नेतं, इतकंच. शेवटी रेडिएटरमधून ती हवेलाच द्यावी लागते. म्हणजे सेकंदाला तीस लिटर हवेचा हिशेब जसाच्या तसा राहतो. फायदा असा, की उष्णता कुठे सोडायची ती जागा तुम्हाला निवडता येते. जिथे जाळी आहे तिथे रेडिएटर लावता येतो. तोटा असा, की रेडिएटर, नळ्या आणि पंप यांनाही जागा लागते, आणि पंपाचा स्वतःचा आवाज असतोच. खिडकीशी नेऊन सोडत असाल तर लावा. कोपऱ्यात नेऊन सोडणार असाल, तर तेवढे पैसे मोठ्या पंख्यावर घाला.